लॅबमधली घरघर

मराठीत ‘घरघर लागली’ असं म्हणतात ते एखाद्याची शेवटची घटका जवळ आली की. आमच्या लॅबमध्ये हा वाक्प्रचार पॉवर सप्लायलाही चालतो. मागच्या जाळीतला छोटासा पंखा आधी नुसता गुणगुणतो, मग किरकिर करतो आणि एक दिवस खरोखरच घरघरायला लागतो. त्यानंतर काही महिन्यांत त्या पॉवर सप्लायवर ‘आउट ऑफ ऑर्डर’ अशी चिठ्ठी चिकटते. चिठ्ठीवरचं अक्षर मात्र फार सुंदर असतं!

तर मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या पंख्याबद्दल आहे. हसू नका. मासिकात दरवर्षी ‘मैत्री’, ‘पाऊस’ आणि ‘हॉस्टेलचं जेवण’ यांवर भरपूर येतं. एखादं पान पंख्याला द्यायला हरकत नाही. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे बेअरिंगला शुद्ध मराठीत काय म्हणतात हे मला सांगता येणार नाही. पण ते वाजायला लागलं की कळतं, आणि तेवढं या लेखाला पुरेसं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. लॅबमधल्या उपकरणाचा वाजणारा पंखा बदलणं हे कंपनीच्या माणसाची वाट बघत बसण्याचं काम नाही, आणि कानाडोळा करण्याचं तर मुळीच नाही. ते आपलं, म्हणजे विद्यार्थ्यांचं काम आहे. ते प्रॅक्टिकलच्या तासात व्हावं, जर्नलमध्ये लिहिलं जावं आणि त्याखाली सरांची सही असावी.

आता पहिला प्रश्न. हा पंखा तिथे असतो कशाला? आपल्यापैकी निम्म्या लोकांना तो शोभेचा वाटतो. पॉवर सप्लाय चालू केला की दिवा लागतो, काटा हलतो आणि पंखा वाजतो, एवढाच संबंध. जरा हिशोब करून बघू या. साधा लिनिअर पॉवर सप्लाय घ्या. आत ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरनंतर समजा ४० व्होल्ट आहेत. आपण नॉब फिरवून आउटपुट ५ व्होल्टवर आणलं आणि २ अँपिअर करंट घेतला. उरलेले ३५ व्होल्ट कुठे जातात? सिरीज पास ट्रान्झिस्टरवर. ३५ गुणिले २ म्हणजे ७० वॅट उष्णता! आपली नेहमीची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे जवळजवळ तीन सोल्डरिंग आयर्न त्या बंद डब्यात सतत चालू आहेत असं समजा. व्हायव्हाला ‘लिनिअर रेग्युलेटरची एफिशिअन्सी कमी का?’ असं विचारलं की आपण पाठ केलेलं उत्तर देतो. त्या उत्तराचा चटका मात्र त्या ट्रान्झिस्टरला बसतो आणि तो सोसायला पंखा मदत करतो.

उष्णता बाहेर काढायला किती हवा लागते, याचंही एक सोपं गणित आहे. वॅटला १.७६ ने गुणायचं आणि मिनिटाला किती घनफूट हवा जाते त्या आकड्यानं भागायचं. आत आलेली हवा किती अंश सेल्सिअस गरम होऊन बाहेर पडेल ते कळतं. ७० वॅटसाठी मिनिटाला २० घनफूट हवा मिळाली तर ती साधारण ६ अंशांनी गरम होते. पंखा म्हातारा झाला, जाळीत धूळ बसली आणि हवा १० घनफुटांवर आली की तोच आकडा १२ होतो. वरचे ६ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल एक ढोबळ नियम आहे, तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्या हिशोबानं ६ अंशांत आयुष्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला. म्हणजे वाजणारा पंखा मरतो तेव्हा एकटा मरत नाही. जाताना शेजारच्या कपॅसिटरलाही घेऊन जातो.

आणि आपण काय करतो? सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे टपली. उजव्या बाजूला एक टपली मारली की आवाज पाच मिनिटं थांबतो. कुठल्या मशीनला कुठे टपली मारायची याची माहिती सीनिअर ज्युनिअरला देतात, जर्नल देतात तशीच. दुसरा उपाय म्हणजे जाळीतून कागदाची घडी सरकवून पंखाच अडवणं. तिसरा उपाय हुशार लोकांचा, झाकण उघडून पंख्याची वायरच काढून टाकायची. लॅब कशी शांत! त्या शांततेत ७० वॅट आतल्या आत शिजत राहतात, आणि पुढच्या सेमिस्टरला ट्रान्झिस्टर उडाला की सगळे म्हणतात, “मशीनच खराब आहे.” आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! शेवटचा उपाय कोणी घरून आणलेल्या खोबरेल तेलाचा. थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं. डिसेंबरातल्या सकाळच्या प्रॅक्टिकलला ते बेअरिंगमध्येही थिजणारच की!

आता आवाजाबद्दल. “एवढासा आवाज, त्यात काय!” असं म्हणणारे बहुधा पहिल्या टेबलवर उभे असतात. आवाजाची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. सारख्या आवाजाचे दोन पंखे असले तर ३ डेसिबल वाढतात आणि दहा असले तर १० डेसिबल. १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठा आवाज. म्हणजे लॅबमध्ये दहा मशीन वाजत असतील तर मॅडमना दुप्पट मोठ्या आवाजाशी झगडत शिकवावं लागतं, आणि शेवटच्या टेबलला ‘लोड’ ऐकू आलं की ‘नोड’ हे नशिबावर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्ग चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत असावा असं म्हटलं आहे. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार शिक्षणसंस्थांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. म्हणजे गेटबाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तर तो नियमाबाहेर, आणि गेटच्या आत आमचे पंखे दोन-दोन तास एकसुरात कीर्तन करतात, ते मात्र चालतं!

पण खरं सांगायचं तर मला आवाजापेक्षा त्यानंतरची चिठ्ठी जास्त छळते. आमच्या बॅचमध्ये वीस जण. टेबल पाच. म्हणजे एका सेटअपवर चार जण. चार जणांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एक जण नॉब फिरवतो, दुसरा रीडिंग सांगतो, तिसरा लिहितो आणि चौथा बघतो. एका पॉवर सप्लायवर ‘आउट ऑफ ऑर्डर’ लागलं की टेबल चार आणि एका टेबलवर पाच जण. मग चौथा आणि पाचवा बघतही नाहीत, कारण पुढच्यांच्या पाठी मधे येतात. हे मागचे दोघं कोण असतात? जरा आठवून बघा. जे लाजतात ते. जे मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीत प्रश्न विचारायला बिचकतात ते. जे डिप्लोमा न करता थेट बारावीनंतर आले आणि ज्यांनी कधी स्क्रू-ड्रायव्हर धरला नाही ते. आणि बहुतेक टेबलांवर मुली. “तू अक्षर छान काढतेस, तू लिही,” हे वाक्य ऐकलं नाही अशी एक तरी मुलगी आपल्या ब्रँचमध्ये आहे का? दोनशे रुपयांच्या पंख्यापायी एक मशीन बंद पडतं, आणि त्याची किंमत मागच्या रांगेतला माणूस भरतो. डिग्री मिळेपर्यंत त्यानं ना नॉब फिरवलेला असतो, ना काही उघडून पाहिलेलं असतं. कॅम्पस इंटरव्ह्यूला मात्र तोच प्रश्न सगळ्यांना येतो, “हँड्स-ऑन काय केलंय?”

गेल्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी असा एक पॉवर सप्लाय लॅबच्या काकांच्या देखरेखीखाली दुरुस्त केला. त्यात मी जेवढं इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिक्स आणि थर्मल शिकले तेवढं एका युनिट टेस्टच्या तयारीत शिकले नव्हते, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आमच्यातल्या एकाचा पहिला प्रस्ताव होता, “चला, पंखा उचकटू!” काका म्हणाले, “अरे, आधी ऐका तरी कुठून वाजतंय!” त्यांनी एक लाकडी पट्टी घेतली, एक टोक कॅबिनेटला आणि दुसरं कानाला लावलं. गॅरेजवाले इंजिन ऐकतात तसं. वाजणारी प्रत्येक गोष्ट पंखाच असते असं नाही. जाळीचा स्क्रू ढिला असतो, एखादी वायर पात्याला घासत असते, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या गुणगुणत असतात. ट्रान्सफॉर्मरचा आवाज १०० हर्ट्झचा आणि एकसारखा असतो. पंख्याचं वेगळं असतं. सात पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, आणि पाती जाण्याची वारंवारता ५० गुणिले ७ म्हणजे ३५० हर्ट्झ. आवाजात ही एकच सुरेल रेघ असेल तर पंखा बरा आहे. खरखर, टकटक असं काही त्यावर चढलं असेल तर बेअरिंग गेलं. प्लग काढून पेन्सिलीच्या टोकानं पातं हलवलं तर ते अडखळत थांबलं आणि दांडा बोटाला डुगडुगला. निदान झालं.

पेशंट होता ८० मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा, लेबलवर १२ व्होल्ट डीसी आणि ०.१५ अँपिअर. काका म्हणाले, लेबलवर विश्वास ठेवा, पण मोजून घ्या. मल्टिमीटरवर पंख्याच्या पिनांवर १२ व्होल्टच मिळाले. हे बघणं महत्त्वाचं, कारण याच मापाचे पंखे ५, १२, २४ आणि ४८ व्होल्टमध्येही मिळतात, आणि काही जुन्या उपकरणांत थेट २३० व्होल्ट एसीवर चालणारे असतात. दुकानात सगळे काळे आणि चौकोनीच दिसतात! स्क्रूच्या भोकांचं अंतरही मोजलं, ते ७१.५ मिलिमीटर. १२० मिलिमीटरच्या पंख्याला तेच १०५ असतं. पंख्याचं माप म्हणजे चौकटीचं माप, भोकांचं नाही, हे तिथेच कळलं.

मग खरा वाद झाला. आमच्यातला कॉम्प्युटरवेडा मित्र म्हणाला, “माझ्याकडे सायलेंट पंखा आहे, आवाजच येत नाही, तो लावू.” त्याचा वेग जुन्यापेक्षा निम्मा होता. इथे फॅन लॉज कामाला आले. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, दाब मात्र एक चतुर्थांश होतो आणि लागणारी पॉवर एक अष्टमांश. आवाज साधारण १५ डेसिबलनं खाली येतो, हे खरं. पण मोकळ्या कॉम्प्युटर कॅबिनेटमध्ये हवा ढकलणं वेगळं, आणि हीट सिंकच्या बारीक फटींमधून आणि पत्र्याच्या जाळीतून ढकलणं वेगळं. तिथे दाब लागतो. डेटाशीटवरचा हवेचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा असतो. बंद डब्यात त्यापेक्षा बरीच कमी मिळते, किती कमी ते प्रेशर-फ्लोचा कर्व्ह बघितल्याशिवाय कळत नाही. वरच्या गणितानं १२ अंश आधीच दिसत होते. शिवाय आमचा मूळ पंखा नवा असताना कधी त्रास देत नव्हता. त्रास बेअरिंगचा होता, वेगाचा नाही. म्हणून ठरलं की माप तेच, व्होल्टेज तेच, हवा जुन्याएवढी किंवा थोडी जास्त, आणि बेअरिंग मात्र चांगलं.

बेअरिंगचे प्रकारही तेव्हाच कळले. स्वस्त पंख्यात तेल मुरवलेल्या ब्राँझचा बुश असतो, त्याला स्लीव्ह म्हणतात. नवा असताना तो शांत असतो. पण उष्णतेनं तेल आटतं, दांडा आडवा असेल तर एका बाजूला झीज होते, आणि घरघर सुरू. बॉल बेअरिंगवाला नवा असताना किंचित जास्त वाजतो, पण गरम जागी जास्त टिकतो. आमची जागा गरम होती, म्हणून दोन्ही बाजूंना बॉल बेअरिंग असलेला घ्यायचा. शनिवारी तापकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानदारानं “कुठलाही घ्या, सगळे सारखेच” असं सांगितलं. तिसऱ्यानं “कशाला पाहिजे?” असं विचारलं, त्याच्याकडून घेतला. दोनशे वीस रुपये. रबरी पिना चाळीस रुपये.

या पिनांचं महत्त्व मला आधी पटलं नव्हतं. पंखा स्क्रूनं थेट पत्र्याला आवळला की त्याची थरथर पूर्ण कॅबिनेटमध्ये उतरते. पंखा बोटाएवढा वाजतो आणि डबा ढोलासारखा. मधे रबर आलं की तो ढोल गप्प होतो. बसवताना पंख्याच्या चौकटीवरचे बाण बघायचे, एक फिरण्याची दिशा सांगतो आणि दुसरा हवेची. बाण नसेल तर लक्षात ठेवायचं की ज्या बाजूला आडव्या काड्या आणि लेबल असतं, तिकडून बहुधा हवा बाहेर पडते. उलटा बसवला तरी पंखा छान फिरतो, फक्त गरम हवा बाहेर न जाता आतच घुमते. आणखी एक गंमत. डीसी मोटरची वायर उलटी जोडली की मोटर उलटी फिरते, हे आपण पहिल्या वर्षी शिकलो. हा पंखा तसा नाही. तो ब्रशलेस आहे, आत हॉल सेन्सर आणि छोटं सर्किट असतं. लाल-काळी उलटी जोडली तर तो उलटा फिरत नाही, फिरतच नाही. आणि एखाद्याचं सर्किट जायचीही भीती असते. आज घरोघरी बीएलडीसी सीलिंग फॅन लागतात, त्यांचं हे धाकटं भावंड.

आमच्या पंख्याला दोनच वायर होत्या. डिजिटल ऑसिलोस्कोपसारख्या उपकरणात तिसरी वायर असते, तिथे जास्त सांभाळावं लागतं. काही पंख्यांत ती प्रत्येक फेऱ्याला दोन पल्स देते, म्हणजे उपकरण वेग मोजू शकतं. काहींत तीच वायर फक्त ‘फिरतोय’ किंवा ‘अडकलाय’ एवढंच सांगते. दिसायला दोन्ही सारख्या. चुकीचा पंखा लावला तर तो गरगर फिरत असतो आणि स्क्रीनवर ‘फॅन फेल’ येतं!

शेवटी ब्रशनं धूळ काढली, जाळी धुऊन वाळवली, पंखा बसवला. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ५ व्होल्ट, २ अँपिअरवर अर्धा तास चालवून हीट सिंकचं तापमान थर्मोकपलनं मोजलं होतं. खोलीचं तापमान वजा करून १३ अंशांचा फरक पडला. सगळं मिळून दीड तास. चिठ्ठी काढायचा मान काकांना दिला.

आता हे वाचून काही जण म्हणतील, ठीक आहे, पण हे नेहमी कसं चालेल? त्यांच्या शंका खोट्या नाहीत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिली शंका वॉरंटीची. वॉरंटीतल्या उपकरणाला हात लावायचा नाही, हे मान्यच. पण ज्यांना घरघर लागते ती बहुतेक उपकरणं आपल्या अॅडमिशनच्याही आधीची असतात.

दुसरी शंका सुरक्षिततेची, आणि ती सगळ्यात खरी. एसएमपीएसमध्ये २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. पिक्चर ट्यूबच्या जुन्या सीआरओमध्ये तर हजारो व्होल्ट असतात. म्हणून यादी करा. कुठली उपकरणं विद्यार्थी उघडू शकतात, कुठली फक्त काका किंवा सर, आणि कुठली कोणीच नाही. प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलवर ठेवायचा, थांबायचं, मल्टिमीटरनं शून्य बघायचं आणि मगच हात घालायचा. अहो, ज्यांना उद्या सबस्टेशनमध्ये नोकरी करायची आहे त्यांना ही शिस्त कॉलेजात नाही शिकवायची तर कुठे?

तिसरी शंका अचूकतेची. बऱ्याच मोजमापाच्या उपकरणांची अचूकता २३ अंश, अधिक-उणे ५, अशा तापमानाला दिलेली असते. पंखा बदलला की आतलं तापमान बदलतं आणि रीडिंग किंचित सरकू शकतं. म्हणून ज्यावर इतर उपकरणं तपासली जातात त्याला आपण हात लावू नये, आणि बाकीच्यांची रीडिंग आधी-नंतर तपासून घ्यावीत. ही अडचण नव्हे, हाच तर प्रयोग आहे!

चौथी शंका रजिस्टरची. डेड स्टॉकमध्ये नोंदलेली वस्तू मोडली तर सही करणाऱ्यावर येतं. त्यापेक्षा चिठ्ठी लावणं सोपं. मला यात सरांची चूक दिसत नाही. जोवर दुरुस्ती कागदावर कुठेच बसत नाही तोवर शहाणा माणूस चिठ्ठीच लावणार. म्हणून ती कागदावर बसवली पाहिजे.

आणि पाचवी शंका, जी कोणी तोंडावर म्हणत नाही, “हे मेकॅनिकचं काम, इंजिनिअरचं नाही.” यावर मला फक्त एक दुकान दाखवायचं आहे. १८८८ साली बेळगावात सायकलचं एक दुकान निघालं. पुढे त्यातूनच लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं आली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवतही होते. हाताला ग्रीस लागलं म्हणून कोणी लहान झालं नाही. उलट, वस्तू कुठे मोडते हे ज्यानं बघितलंय तोच न मोडणारी वस्तू बनवू शकतो.

जगही त्याच दिशेला चाललंय. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. युरोपियन युनियननं २०२४ मध्ये वस्तू दुरुस्त करून मिळण्यासाठी स्वतंत्र निर्देश काढला. या विषयांवर आपण सेमिनार देतो, पीपीटी करतो, ‘रिड्यूस, रियूज, रिसायकल’ची स्लाइड टाकतो. आणि ज्या हॉलमध्ये ती स्लाइड दाखवतो त्याच्या मागच्या खोलीत दोनशे रुपयांच्या पंख्यासाठी बंद पडलेली मशीन एकावर एक रचून ठेवलेली असतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नवी लॅब नको, नवं बजेट नको. प्रत्येक सेमिस्टरला प्रत्येक बॅचनं लॅबमधलं एक बिघडलेलं उपकरण हातात घ्यायचं. पंखा, फ्यूज, ढिला नॉब, तुटकी प्रोब, काहीही. बिघाड शोधायचा, भाग निवडायचा, तो का निवडला ते गणितानं लिहायचं, आधी-नंतरचं मोजमाप द्यायचं. एक पान. ते पान जर्नलमध्ये लागेल आणि टर्मवर्कला धरलं जाईल. पंख्यावर मार्करनं तारीख टाकायची, म्हणजे पुढच्या बॅचला कळेल की हा किती वर्षं टिकला. किरकोळ भागांसाठी विभागानं कन्झ्युमेबलमधून थोडे पैसे वेगळे ठेवायचे. आणि एक अट माझी. स्क्रू-ड्रायव्हर त्यानंच धरायचा जो आजवर मागे उभा राहिलाय. ज्यांचे हात सराईत आहेत त्यांनी त्या दिवशी लिहायचं. त्यांचंही अक्षर सुधारेल!

काका पुढच्या वर्षी रिटायर होतात. कुठल्या मशीनची कुठली वायर कुठे जाते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही आणि त्यातलं काहीच कुठे लिहिलेलं नाही. आपण त्यांना निरोप समारंभ करू, शाल-श्रीफळ देऊ, भाषणंही करू. त्याआधी या वर्षभरात त्यांच्या शेजारी बसून दहा मशीन उघडू या. यादी मी केली आहे, ती काकांकडे ठेवली आहे. तुमच्या टेबलवरचं काय वाजतंय, ते त्यात लिहून जा.